भाराभर चिंध्यांच्या बाजूने

गेल्या दिवाळीत आमच्या बँकेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी त्याला सेकंडहँड कॅमेरा घेऊन दिला, सोबत अठरा-पंचावन्नची किट लेन्स. मी फोटो काढते हे त्याला ठाऊक. फराळाची बशी बाजूला सारून त्यानं विचारलं, "काकू, मी नेमकं काय काढू?" मला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, "जॉनर कुठला धरू? सगळे सांगतात, आधी एक ठरव. माझं ठरतच नाही." कॅमेरा कुठे आहे विचारलं, तर कपाटात. सहा महिने बाहेर काढला नव्हता. बॅटरीसुद्धा उतरून गेली होती.

त्या उतरलेल्या बॅटरीचा मला आलेला राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

ज्या मतानं त्या पोराचा कॅमेरा कपाटात गेला, ते आता क्लबात, कार्यशाळेत, कॅमेऱ्याच्या दुकानात, ट्रेकच्या बसमध्ये, सगळीकडे ऐकू येतं. हौशी माणसानं एक प्रकार निवडावा आणि त्यालाच धरून राहावं. पक्षी तर पक्षी, माणसं तर माणसं. आज कासची फुलं, उद्या कुस्त्यांचा फड, परवा आकाशगंगा असं करणाऱ्याचा हात कशातच तयार होत नाही. त्याची ओळख बनत नाही. त्याचा पैसा जातो, वेळ जातो, आणि शेवटी त्याच्याकडे उरतात ते कुणाचेही असू शकतील असे फोटो. एक ना धड, भाराभर चिंध्या. ही म्हण मला आजवर तीन वेगवेगळ्या माणसांनी तोंडावर ऐकवली आहे.

त्यातले एक जाणकार होते. चार वर्षांपूर्वी एका क्लबानं फोटो पाहून सल्ला देण्याचा कार्यक्रम ठेवला होता. प्रत्येकानं बारा प्रिंट आणायच्या. त्यांनी माझ्या बारा प्रिंट टेबलावर मांडल्या, एकेक उचलून पाच गड्ड्या केल्या: फुलं, पक्षी, चेहरे, बाजारपेठ, रात्रीचं आकाश. मग म्हणाले, "ताई, यात मला एक माणूस दिसत नाही, पाच दिसतात. यातले चार घरी ठेवून या." मी ऐकलं. चार जणांना घरी ठेवलं आणि पुढचे अकरा महिने फक्त फुलं काढली. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगते.

आधी हात तयार होण्याबद्दल. एकाच गोष्टीत जीव ओतल्याशिवाय तयारी होत नाही, हे वाक्य ऐकायला इतकं बरं वाटतं की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. तयारी कसली? पक्ष्यांच्या नावांची की फोटोची? फोटोची तयारी म्हणजे प्रकाश कुठून येतो ते दिसणं, आपल्यात आणि समोरच्यात अंतर किती ठेवायचं ते कळणं, आणि बोट नेमकं कधी दाबायचं ते उमजणं. या तीन गोष्टी फुलाला वेगळ्या आणि माणसाला वेगळ्या असतात का?

मी सातारची. भाद्रपदात यवतेश्वरच्या पुढे कासच्या रस्त्याकडेला, ओल्या कातळावर 'सीतेची आसवं' उमलतात. करंगळीच्या नखाएवढं जांभळं-निळं फूल. दिसायला नाजूक, पण ही वनस्पती कीटक खाते. कातळावरच्या पातळ मातीत पोषण अपुरं पडतं म्हणून मुळाशी बारीक फुगे असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. या फुलाचा फोटो काढायचा तर पोटावर झोपावं लागतं. भिंग इतकं जवळ जातं की फोकसमध्ये जेमतेम काडीएवढी जाडी राहते. अॅपर्चर अकरापर्यंत मिटलं तरी पुढची पाकळी धरावी तर मागची सुटते. दोन पावसाळे मी असेच अर्धे धूसर फोटो घेऊन घरी आले. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की भिंगापासून सारख्या अंतरावर असेल तेवढंच स्वच्छ येणार, तेव्हा फूल जितकं तिरकं तितकाच कॅमेराही तिरका धरायचा. फुलाच्या पातळीला आपली पातळी लावायची. हे समजल्यावर ते फूल एका फोटोत अख्खं आलं.

त्याच हिवाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. माजघरात कासार चुडा भरत होता. उजेड एका खिडकीचा, लेन्स पन्नास एमएम, अॅपर्चर सताड उघडं. पोरीची मूठ आवळलेली, कासाराचा अंगठा तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दाबलेला, आणि हिरवी बांगडी बोटांच्या पेरांवर अडकलेली, आता फुटते की जाते अशी. एरवी मी चेहरा धरला असता आणि हात धूसर झाले असते. त्या दिवशी मला न सांगता माझं मनगट वळलं. कॅमेरा हाताच्या रेषेला समांतर गेला आणि अंगठा, पेरं, बांगडी तिन्ही एका पातळीत आली. तो फोटो मला कातळावरच्या फुलानं शिकवला. लग्नाचे दहा वर्षं फोटो काढून मला हे कदाचित कधीच कळलं नसतं, कारण लग्नात चूक सुधारायला तीन पावसाळे मिळत नाहीत.

पक्ष्यांचंही तेच. भिगवणला उजनीच्या पाण्यावर थंडीत रोहित येतात, बगळे-करकोचे असतात, होडीतून जायचं. तिथे पहिल्यांदा कळलं की पक्षी उडाल्यावर बटण दाबलं तर फोटोत रिकामं पाणी येतं. उडण्याआधी पक्षी अंग आवळतो, किंचित खाली बसतो, पुष्कळदा शीट टाकून हलका होतो. डोळा तिथे ठेवायचा. पुढे चैत्रात जत्रेच्या कुस्त्यांना गेले तेव्हा लाल मातीच्या कडेला बसून मी तेच करत होते. पटात शिरणाऱ्या पैलवानाचा खांदा आधी कणभर खाली येतो. तो दिसला की बोट दाबायचं. डाव दिसेपर्यंत थांबलं की समोरचा चितपट झालेला असतो. मला कुस्ती कळत नाही. खांदा कळला, तो बगळ्यामुळे.

रियाजाचा दाखला हमखास दिला जातो. गवई एकच राग वर्षानुवर्षं घोटतो, म्हणतात. घोटतो, खरं आहे. पण भीमसेन जोशींनी ख्यालही गायला आणि संतवाणीही. कुमार गंधर्वांनी राग गायले, निर्गुणी भजनं गायली, माळव्याची लोकगीतं गायली आणि बालगंधर्वांची पदंही गायली. त्यांना कुणी म्हणालं का, बुवा, चार जण घरी ठेवून या?

आता ओळखीचा मुद्दा. मोठे फोटोग्राफर एका विषयाचे होते, म्हणून त्यांची नावं राहिली, असं सांगतात आणि पुरावा म्हणून अॅन्सेल अॅडम्सचं नाव घेतात. डोंगर, दऱ्या, योसेमिटी. पण याच अॅडम्सनं 1943 मध्ये मान्झनारच्या छावणीत जाऊन, युद्धकाळात अमेरिकेनं डांबून ठेवलेल्या जपानी वंशाच्या नागरिकांचे चेहरे टिपले, त्यांची शाळा, शेती, खेळ टिपले आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक काढलं. डोंगरवाल्यानं हे करायला नको होतं का? एडवर्ड वेस्टननं 1930 मध्ये एक ढोबळी मिरची टिनच्या नरसाळ्यात ठेवून तिचा जो फोटो काढला तो आजही लोक थांबून पाहतात. त्यानंच शंख काढले, माणसांची शरीरं काढली, वाळूच्या टेकड्या काढल्या. मिरचीकडे पाहिल्यावर टेकडी आठवते आणि टेकडीकडे पाहिल्यावर पाठीचा कणा.

आपल्याकडचं पाहू. लाला दीनदयाळ रुडकीत शिकलेले, इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला. फोटोचा नाद नोकरी करता करता लागला. मध्य हिंदुस्थानातली देवळं आणि किल्ले त्यांनी काढले, लष्कराच्या कवायती काढल्या, शिकारी काढल्या, राजेरजवाड्यांचे चेहरे काढले, निजामाच्या पदरी राहून दरबार काढला आणि 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओही उघडला. त्यांची ओळख पुसट झाली असं इतिहास म्हणत नाही. रघु राय यांचं काम घ्या. 1984 च्या भोपाळमधलं मातीत पुरलं जाणारं ते मूल आणि त्यांनी काढलेले शास्त्रीय गायक-वादक एकाच डोळ्यानं पाहिलेत की दोन?

पण माझा खरा साक्षीदार त्र्यंबकेश्वरचा आहे. धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईत जे. जे.मध्ये शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. पुढे पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर झाले. ती नोकरी सोडून छपाईत शिरले, लोणावळ्यात छापखाना काढला, रंगीत छपाई शिकायला जर्मनीला गेले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले. आजच्या सल्लागारांनी या माणसाला काय सांगितलं असतं? धरसोड करतोस, एकात स्थिर हो. सिनेमाचं वेड लागल्यावर 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, आणि कथापटासाठी भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी काढलं काय? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. दिवसामागून दिवस थोडं थोडं चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर काही क्षणांत दाखवली. 'अंकुराची वाढ'. रोपाच्या त्या छोट्या फितीच्या जोरावर पैसा उभा राहिला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. स्टुडिओतला प्रकाश, रसायनं, छपाईतला धीर, जादूतली नजरबंदी यातलं काय कमी केलं असतं तर तो चित्रपट झाला असता? मी या प्रश्नाचं उत्तर गेली चार वर्षं मागते आहे.

यावर म्हणतात, ती थोर माणसं. तू सामान्य हौशी बाई. हा युक्तिवाद तर मला अजिबातच समजत नाही. ज्याचं पोट फोटोवर आहे त्याला एखाद्या कामाचं नाव लावावं लागतं, कारण गिऱ्हाइकाला कळायला हवं की हा लग्नं काढतो की दागिने. हे धंद्याचं शहाणपण आहे आणि धंद्यात ते योग्यच आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक कुठे आहे? मी कुणाला कोणती पाटी दाखवायची? जत्रेला हौशे, नवशे, गवशे येतात म्हणतात. नवशाला नवस फेडायचा असतो, गवशाला काही गवसायला हवं असतं. हौशा सगळी जत्रा फिरतो, तो त्यासाठीच आलेला असतो. त्याला पाळण्यापाशी उभं करून बाकीची जत्रा तुझी नाही असं सांगण्याचा अधिकार कुणी कुणाला दिला? मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी होते. तेही डॉक्टर होते. आपल्याकडे हा नाद दुसरं काम करणाऱ्या माणसांनीच रुजवला. आणि फ्रान्समधला ज्याक आंरी लार्तीग घ्या. लहानपणापासून मोटारी, विमानं, जिन्यावरून उडी मारणारी भावंडं, बागेत फिरायला आलेल्या बायका, जे समोर आलं ते त्यानं टिपलं. 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्याचे फोटो लावले तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. तोवर त्याला कुणी जॉनर विचारला नाही, हे आपलं नशीब.

आणि शैली? माझ्या बारा प्रिंटच्या पाच गड्ड्या झाल्या, त्या विषयावरून झाल्या. घरी आल्यावर कितीतरी महिन्यांनी मी त्या पुन्हा जमिनीवर पसरल्या आणि विषय न बघता नुसता उजेड पाहिला. बारापैकी नऊ फोटोंत प्रकाश मागून येतो. फुलाच्या पाकळीतून, बगळ्याच्या पंखातून, मंडईतल्या आजीच्या पांढऱ्या केसांतून. ते मी ठरवून केलेलं नव्हतं. मला तसंच दिसतं. पाच माणसं पाहणाऱ्या डोळ्यांना ही एक बाई दिसली नाही, यात दोष कुणाचा? चिंध्यांना नावं ठेवणाऱ्यांना मी माझ्या आत्याची गोधडी दाखवीन. जुनी लुगडी, माझ्या वडिलांचं म्हणजे नानांचं धोतर, आमचे फाटके फ्रॉक, वर्षाकाठी जमेल ते. पण कडेपासून मध्यापर्यंत धावणारा दोरा तिच्या हाताचा, आणि त्या टाक्यावरून आळीतली कुठलीही बाई सांगायची की ही कुणाची गोधडी आहे.

पैशाबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यात फारसं काही नाही. नाना प्रकार म्हणजे नाना लेन्स, असा धाक घालतात. किट लेन्स उलटी बसवायची रिंग काही शे रुपयांत मिळते आणि तिनं फूल काढता येतं. चांदण्यांना तिपाई आणि अंधार लागतो. त्याच तिपाईवर काजवे निघतात, थोसेघरचा धबधबाही निघतो. पक्ष्यांना लांब लेन्स लागते, एवढं मी मान्य करते. पण ज्यानं चार गोष्टी करून पाहिल्या त्याला निदान कळतं की आपल्याला ती लेन्स हवी की नको. न करता निवडणारा मात्र लाखभर रुपये घालून मग शोधतो की पहाटे चारला उठणं आपल्याला जमत नाही.

वेळेचा मुद्दा तर उलटा त्यांच्यावरच येतो. नोकरदाराला रविवार एकच, म्हणून त्यानं एकच प्रकार धरावा, असं म्हणतात. पण रविवार काय घेऊन येईल ते माझ्या हातात आहे का? ज्येष्ठाच्या तोंडावर काजवे, आषाढात पाऊस, भाद्रपदात फुलं आणि गणपती, थंडीत पक्षी आणि स्वच्छ आकाश, चैत्रात जत्रा. फुलंवाल्यानं दसऱ्यानंतर काय करायचं? कॅमेरा पुढच्या पावसाळ्यापर्यंत गुंडाळून ठेवायचा? आणि फोनवरच्या लोकांना एकाच प्रकारचे फोटो आवडतात म्हणून एकच काढा, असं जे सांगतात त्यांना मी एवढंच विचारते: डोळे तुमचे आहेत की फोनचे?

त्या अकरा महिन्यांत माझी फुलं सुधारली नाहीत. सारखी झाली. तेच कोन, तीच धूसर हिरवी पार्श्वभूमी, हळूहळू बोट आपोआप दाबलं जायला लागलं. पण मला जे बोचतं ते दुसरंच. त्या वर्षी नाना आमच्याकडे राहायला होते. रोज सकाळी ओसरीवर खुर्ची टाकून, स्टीलच्या वाटीत गरम पाणी घेऊन, खिडकीला टेकवलेल्या आरशात बघत दाढी करायचे. ऊन त्यांच्या मागून यायचं. गालावरचा फेस उन्हात पेटल्यासारखा दिसायचा. मी चहाचा कप हातात घेऊन ते रोज पाहत होते. कॅमेरा आतल्या खोलीत, दहा पावलांवर. चेहरे हा आपला प्रांत नाही असं मी स्वतःला बजावलेलं होतं, म्हणून ती दहा पावलं मी चालले नाही. नाना त्या माघात गेले. त्यांचा दाढी करतानाचा एकही फोटो माझ्याकडे नाही. त्या वर्षातली फुलं आहेत, चारशेहून जास्त.

जाणकारांना दोष देऊन नाना परत येणार नाहीत, हे मला कळतं. पण हा सल्ला निरुपद्रवी आहे असं यापुढे कुणी मला सांगू नये. एक प्रकार धरणं म्हणजे बाकी सगळ्याकडे पाठ करणं, आणि पाठीमागे काय घडतंय हे पाठ करणाऱ्याला कळत नाही. ज्याला दहा वर्षं भटकून एखाद्या विषयाचा ध्यास लागेल त्यानं खुशाल त्यात बुडावं. पण अठरा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी दारात अडवून कुठल्या खोलीत जाणार ते सांग, मगच आत ये, असं म्हणणं हा अन्याय आहे. त्यानं अजून घर पाहिलेलं नाही.

नानांच्या ट्रंकेत त्यांचा आग्फा क्लिक-थ्री सापडला, आणि एका पाकिटात निगेटिव्ह. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो यायचे. खिडकीच्या काचेवर धरून मी एक रोल ओळीनं पाहिला. माझं बारसं. अजिंक्यतारा, पावसाळी. शेजाऱ्यांची नवी स्कूटर आणि तिच्यावर शेजारचे चौघे. व्यालेली गाय. संगम माहुलीच्या घाटावर चढलेलं पाणी. आई चुलीपुढे, धुरानं डोळे मिटलेले. पुन्हा गाय. बारा चौकटी, आणि त्यांत आमचं सबंध वर्ष. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते.

तो मुलगा संक्रांतीला पुन्हा आला तेव्हा मी त्याला तो रोल काचेवर धरून दाखवला. "यात जॉनर कुठला?" म्हणून विचारलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काकू, ही गाय मस्त आलीय."

क्लबाचं वार्षिक प्रदर्शन पुढच्या महिन्यात आहे. अर्जात 'विभाग' नावाचा रकाना आहे आणि कंसात लिहिलंय, फक्त एकच. मी तो रकाना आडवी रेघ मारून खोडला आहे आणि खाली सही केली आहे. हा रकाना पुढच्या वर्षीच्या अर्जातून काढून टाकावा, अशी मागणीही वेगळ्या कागदावर लेखी जोडली आहे. सोबत बारा प्रिंट आहेत: सीतेची आसवं, कासाराचा अंगठा, बगळा, लाल मातीतला खांदा, मंडईतली आजी, काजवे, थोसेघर, आकाशगंगा, विसर्जनाहून रिकामा परतणारा पाट, आत्याची गोधडी वाळत घातलेली, ओसरीवरची रिकामी खुर्ची सकाळच्या उन्हात, आणि बारावी प्रिंट नानांच्या निगेटिव्हवरून करून घेतलेली, गाईची.